थर्मोस्टॅट ३० वर नेला तरी घर लवकर का तापत नाही? आणि नळाच्या गरम पाण्याचा त्याच्याशी संबंध काय?

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला की ब्रिटनमध्ये घड्याळं एक तास मागे जातात. चार-साडेचारलाच अंधारून यायला लागतं आणि पुण्या-नाशकाहून शिकायला, नोकरीला गेलेल्या पोरांच्या भाड्याच्या घरात एक नवं भांडण सुरू होतं. भांडणाचं कारण असतं भिंतीवरची एक छोटीशी डबी. तिचं नाव रूम थर्मोस्टॅट.

बाहेरून कुडकुडत आलेला एकजण तो थेट ३० वर नेतो. त्याचं म्हणणं, "जास्त वर ठेवला की लवकर गरम होतं." बिलाची काळजी असलेला दुसरा येतो आणि तो १५ वर आणतो. तिसऱ्याला सकाळी अंघोळ करायची असते, म्हणून तो आधी अर्धा तास हीटिंग लावतो. त्याच्या मते रेडिएटर तापल्याशिवाय नळाला गरम पाणी येणार नाही.

यातल्या पहिल्याचा आणि तिसऱ्याचा हिशोब सरळसरळ चुकलेला असतो. दुसऱ्याचा अर्धा बरोबर असतो. आणि बिल मात्र तिघांत वाटलं जातं.

हे बिल किरकोळ नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या सर्वसाधारण घराच्या गॅस आणि विजेच्या वर्षाच्या बिलाची सरकारी दरमर्यादा १,२७७ पौंडांच्या हिशोबाने ठरलेली होती. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतरच्या वर्षात, म्हणजे ऑक्टोबर २०२२ मध्ये, सरकारने मदत देऊनही हाच आकडा २,५०० पौंडांवर गेला. आणि अशा घरात बिलाचे निम्म्याहून जास्त पैसे घर तापवण्यावर आणि पाणी तापवण्यावर जातात.

म्हणून ही डबी नेमकं काय करते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करत नाही, ते नीट समजून घेऊ.

आधी तिकडचं घर तापतं कसं ते बघू

आपल्याकडे अंघोळीच्या पाण्यासाठी गीझर असतो आणि थंडी वाजली तर गोधडी असते. ब्रिटनमध्ये या दोन्ही कामांसाठी बहुतेक घरांत एकच यंत्र असतं, ते म्हणजे गॅसवर चालणारा बॉयलर. तो स्वयंपाकघरातल्या कपाटात किंवा जिन्याखाली भिंतीला टांगलेला असतो.

बॉयलर गॅस जाळतो आणि पाणी तापवतो. हे पाणी पंपाने पाइपांमधून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं. रेडिएटर म्हणजे खिडकीखाली बसवलेली लोखंडी पोकळ पाटी. त्यातून गरम पाणी गेलं की पाटी तापते आणि खोलीतली हवा गरम होते. थंड झालेलं पाणी परत बॉयलरकडे येतं, पुन्हा तापतं, पुन्हा फिरतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. रेडिएटरमधलं पाणी आणि नळाला येणारं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत. रेडिएटरचं पाणी वर्षानुवर्षं त्याच पाइपांत फिरत असतं. ते काळपट, गंजाचं असतं. तुम्ही अंघोळ करता ते पाणी सरळ मुख्य जलवाहिनीतून आलेलं स्वच्छ पाणी असतं. दोन्हीला उष्णता देणारा बॉयलर एक, पण पाण्याचे रस्ते वेगळे. पुढचा सगळा गोंधळ या एका गोष्टीने सुटतो.

थर्मोस्टॅट म्हणजे खरं तर एक घंटा

याचा किस्सा सोपा आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर गावच्या कॉलेजात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवायचे. थंडीच्या दिवसांत कॉलेजचा शिपाई तासातासाला वर्गात यायचा, खोली किती गरम आहे ते बघायचा आणि तळघरातल्या भट्टीची झडप कमी-जास्त करायला परत खाली जायचा. जॉन्सन या ये-जा करण्याला वैतागले. त्यांनी एक विजेचं उपकरण बनवलं आणि १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. खोलीचं तापमान ठरलेल्या आकड्याच्या खाली-वर गेलं की तळघरात घंटा वाजायची. शिपाई तिथेच झडप उघडायचा किंवा बंद करायचा. १८८५ मध्ये जॉन्सन यांनी मिलवॉकीत याच धंद्यात कंपनी काढली. तीच पुढे जॉन्सन कंट्रोल्स झाली.

आज शिपाई नाही, भट्टीच्या जागी बॉयलर आहे, पण घंटेचं काम तेच आहे.

थर्मोस्टॅट तुमच्या खोलीतल्या हवेचं तापमान मोजतो. तुम्ही २० लावलंय आणि हवा १९ आहे, तर तो बॉयलरला सांगतो, "थंड आहे, सुरू हो." हवा २० च्या थोडी वर गेली की सांगतो, "पुरे." जुन्या थर्मोस्टॅटमध्ये हे काम दोन धातूंची चिकटवलेली पट्टी करते. दोन्ही धातू उष्णतेने कमी-जास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि विजेचा संपर्क जुळतो किंवा तुटतो. इस्त्रीमध्येही हीच युक्ती असते. इस्त्रीचा दिवा मधूनच विझतो आणि परत लागतो, तसंच इथे बॉयलरचं होतं.

म्हणजे २० हा आकडा "घर इतकं गरम झालं की थांब" एवढंच सांगतो. किती जोरात तापव, किती वेगाने तापव, हे तो सांगत नाही.

मग ३० वर ठेवलं तर काय होतं?

समजा घर १५ अंशांवर आहे. तुम्ही २० लावलं काय आणि ३० लावलं काय, साध्या थर्मोस्टॅटची घंटा एकच वाजते. बॉयलर तेवढाच चालतो, रेडिएटर तेवढेच तापतात आणि घर १५ वरून २० वर जायला तेवढाच वेळ लागतो. फरक पडतो तो त्यानंतर. २० वाला बॉयलर थांबतो. ३० वाला चालतच राहतो. तासाभराने घरात घाम फुटतो, मग कुणीतरी खिडकी उघडतं. गॅस जाळून तापवलेली हवा बाहेर जाते आणि मीटर फिरत राहतं.

आपल्याकडे एसीचं नेमकं हेच होतं. मे महिन्यात बाहेरून आल्यावर आपण एसी १६ वर लावतो, खोली लवकर गार व्हावी म्हणून. एसीला १६ म्हणजे "१६ होईपर्यंत थांबू नकोस" एवढंच कळतं. म्हणूनच भारतात १ जानेवारी २०२० पासून खोलीचे नवे एसी सुरू केल्यावर २४ अंशांवरच लागतील, असा नियम केला गेला.

आता तुम्ही म्हणाल, नवीन स्मार्ट थर्मोस्टॅटचं काय? त्यातले काही नुसती घंटा वाजवत नाहीत, बॉयलरशी बोलतात. अजून किती अंश गाठायचे आहेत हे सांगतात आणि बॉयलर त्याप्रमाणे पाणी कमी-जास्त तापवतो. अशा घरात ३० लावलं तर बॉयलर पाणी जास्त कडक तापवू शकतो. पण जास्त कडक पाण्यावर बॉयलर गॅसही जास्त खातो आणि घर शेवटी हवं त्यापेक्षा जास्त तापतंच. म्हणजे तिथेही तोटाच.

नळाच्या गरम पाण्याला थर्मोस्टॅट लागतो का?

आता तिसऱ्या पोराकडे येऊ. त्याला अंघोळीआधी रेडिएटर तापवायची गरज आहे का?

त्याच्या घरात कॉम्बी बॉयलर असेल, तर अजिबात नाही. ब्रिटनमधल्या लहान घरांत आणि फ्लॅटमध्ये बहुतेक हाच असतो. ओळखायची खूण म्हणजे घरात गरम पाण्याची टाकी कुठेच नसते.

कॉम्बी हा मोठा इन्स्टंट गीझरच असतो. गरम पाण्याचा नळ उघडला की आतल्या पात्याला पाणी वाहतंय हे कळतं आणि बॉयलर पेट घेतो. आत एक झडप असते. ती बॉयलरची सगळी उष्णता रेडिएटरकडून काढून नळाच्या पाण्याकडे वळवते. नळ बंद केला की झडप परत फिरते आणि हीटिंग चालू असेल तर रेडिएटर पुन्हा तापायला लागतात.

या सगळ्यात रूम थर्मोस्टॅटला कुणी विचारतच नाही. तो ५ वर असो, २५ वर असो किंवा हीटिंग पूर्ण बंद असो, नळाला गरम पाणी येणारच. जुलै महिन्यात रेडिएटर बंद असताना सगळं ब्रिटन गरम पाण्याने अंघोळ करतं, ते यामुळेच.

उलटा परिणाम मात्र होतो. कॉम्बी एका वेळी एकच काम करतो आणि नळाला पहिला मान देतो. घरात चारजण एकामागून एक शॉवर घेत असतील, तर तितका वेळ रेडिएटरला उष्णता मिळत नाही. थर्मोस्टॅट "थंड आहे" म्हणून घंटा वाजवत असतो आणि बॉयलर म्हणतो, "थांब, आधी अंघोळी होऊ दे." सकाळी घर तापायला उशीर होतोय असं वाटत असेल, तर कारण हे असू शकतं.

नळाला पहिला मान का? कारण वाहतं पाणी तापवायला फार ताकद लागते. साधा २४ किलोवॅटचा कॉम्बी घेऊ. हिवाळ्यात तिकडे नळाला येणारं पाणी ५ ते १० अंशांचं असतं. ते ३५ अंशांनी तापवायचं म्हटलं तर २४ किलोवॅटमध्ये मिनिटाला साधारण १० लिटर पाणी मिळतं. आपल्याकडच्या ३ किलोवॅटच्या इन्स्टंट गीझरच्या ही आठपट ताकद आहे, तरी एका शॉवरलाच पुरते. म्हणून कुणी शॉवरखाली असताना दुसऱ्याने स्वयंपाकघरात गरम नळ सोडला, की बाथरूममधून ओरड ऐकू येते. त्यावर थर्मोस्टॅट वाढवून उपयोग नाही. तो त्या कामात नाहीच.

अजून एक गंमत. रात्री दोन वाजता सगळं बंद असताना बॉयलर अचानक थोडा वेळ पेटल्याचा आवाज येतो. बिघाड नसतो. काही कॉम्बी आत थोडं पाणी आधीच तापवून ठेवतात, म्हणजे नळ उघडल्यावर गरम पाण्यासाठी थांबावं लागत नाही. ही सोय नको असेल, तर बऱ्याच बॉयलरवर ती बंद करायचं "इको" बटण असतं. मग गरम पाणी यायला थोडा उशीर लागतो आणि थोडा गॅस वाचतो.

घरात टाकी असेल तर?

मोठ्या आणि जुन्या घरांत गरम पाण्याची उंच गोल टाकी असते. ती बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर एका कपाटात असते आणि त्याच कपाटात लोक टॉवेल वाळवतात. तिकडे टाकीला सिलिंडर म्हणतात. आपल्या गॅसच्या सिलिंडरशी त्याचा संबंध नाही.

अशा घरात बॉयलर टाकीतल्या पाण्याला उष्णता देतो. टाकीच्या आत पाइपाचं वेटोळं असतं. त्यातून बॉयलरचं गरम पाणी फिरतं आणि बाहेरचं स्वच्छ पाणी तापतं. इथे दोन घंटा असतात. एक भिंतीवरचा रूम थर्मोस्टॅट, दुसरा टाकीच्या खालच्या भागात पट्ट्याने बांधलेला टाकीचा थर्मोस्टॅट. पहिला खोलीची हवा बघतो, दुसरा टाकीतलं पाणी बघतो. दोघांची झडप वेगळी, दोघांचं वेळापत्रकही वेगळं लावता येतं.

म्हणजे इथेही रूम थर्मोस्टॅट कमी केला म्हणून अंघोळीचं पाणी थंड होत नाही. पाणी थंड येत असेल तर टाकीचं वेळापत्रक किंवा टाकीचा थर्मोस्टॅट बघायचा.

याला अपवाद आहे तो फार जुन्या घरांचा. तिथे टाकीला स्वतःचा थर्मोस्टॅट नसतो आणि हीटिंग लावलं की पाणीही आपोआप तापतं. "हीटिंग लावल्याशिवाय गरम पाणी नाही" हा समज अशाच घरांतून आलेला आहे. ती घरं आता कमी उरलीत, समज मात्र टिकून आहे.

टाकीबाबत एक सावधगिरी मात्र पाळायची. बिल वाचवायला टाकीचा थर्मोस्टॅट ४०-४५ वर आणायचा नाही. साठवलेल्या कोमट पाण्यात, म्हणजे २० ते ४५ अंशांच्या दरम्यान, लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. हे पाणी शॉवरच्या तुषारांतून श्वासात गेलं की गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका अधिवेशनात ही साथ पहिल्यांदा लक्षात आली आणि त्यावरून रोगाला नाव पडलं. म्हणून टाकीतलं पाणी ६० अंशांवर ठेवायचं. ६० अंशांचं पाणी मात्र अंगावर भाजतं. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर नळाखाली हात घालायच्या आधी थंड पाणी मिसळायचं.

कॉम्बीमध्ये पाणी साठत नाही, त्यामुळे तिथे नळाचं पाणी ५० च्या आसपास ठेवलं तरी चालतं. ६० ला तापवून परत थंड पाणी मिसळण्यात नुसता गॅस वाया जातो.

मग बिल नेमकं कुठून वाढतं?

इथे बऱ्याच जणांचं लक्षच जात नाही. कॉम्बी असलेल्या घरात तीन वेगवेगळे आकडे असतात:

१. खोलीच्या हवेचा आकडा. हा भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर असतो.
२. नळाच्या पाण्याचा आकडा. हा बॉयलरवर नळाच्या चित्राशेजारी असतो.
३. रेडिएटरमध्ये जाणाऱ्या पाण्याचा आकडा. हा बॉयलरवर रेडिएटरच्या चित्राशेजारी असतो.

लोक पहिल्यावर भांडतात. तिसऱ्याकडे कुणी बघत नाही. तो बॉयलर बसवला तेव्हापासून ७५-८० वर पडून असतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून जवळपास सगळे नवे गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचे बसवावे लागतात. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. जुन्या बॉयलरमध्ये ती धुरासोबत बाहेर जायची. नव्या बॉयलरमध्ये तिचं परत पाणी करतात आणि त्यात अडकलेली उष्णता वापरतात. बॉयलरमधून बाहेर निघणारी बारीक प्लॅस्टिकची नळी याच पाण्यासाठी असते.

पण वाफेचं पाणी व्हायला काहीतरी गार लागतं. चहाच्या भांड्यावर गार ताट ठेवलं की थेंब जमतात, तापलेलं ताट ठेवलं तर जमत नाहीत. बॉयलरमध्ये गार ताटाचं काम रेडिएटरकडून परत येणारं पाणी करतं. ते साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच हा फायदा मिळतो. ८० वर पाठवलेलं पाणी ६० वर परत येत असेल, तर महागाचा बॉयलर जुन्यासारखाच चालतो.

म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने जी वीजगॅस बचतीची मोहीम काढली, तिच्यात कॉम्बीचा हा तिसरा आकडा ६० वर आणा असा सल्ला होता. खोली तेवढीच गरम होते, फक्त जरा सावकाश. रेडिएटरला हात लावल्यावर चटका बसत नाही, म्हणून ते बिघडलेत असं समजायचं नाही. कडाक्याच्या थंडीत घर तापत नाहीये असं वाटलं तर आकडा थोडा वर न्यायचा.

टाकीच्या घरात मात्र हा प्रयोग जपून करायचा. टाकीतलं पाणी ६० वर न्यायचं असेल तर बॉयलरचं पाणी त्याहून गरम, निदान ६५ तरी लागतं.

थर्मोस्टॅट कुठे आहे, यावरही बरंच ठरतं

थर्मोस्टॅटला सगळं घर कळत नाही. त्याला फक्त तो ज्या भिंतीवर आहे तिथली हवा कळते.

बऱ्याच घरांत तो मुख्य दारापाशी असतो. दार उघडलं की गार वारा आत येतो, घंटा वाजते आणि वरच्या खोल्या आधीच गरम असूनही बॉयलर पेटतो. उलट तो उन्हात, दिव्यापाशी किंवा टीव्हीजवळ असेल, तर त्याला घर गरमच वाटतं आणि बाकीचे कुडकुडतात. योग्य जागा म्हणजे जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर, उन्हापासून, वाऱ्याच्या झोतापासून आणि रेडिएटरपासून लांब.

रेडिएटरच्या कडेला १ ते ५ आकडे असलेलं एक गोल बटण असतं. तोही छोटा थर्मोस्टॅटच आहे, पण फक्त त्या रेडिएटरचा. आपली खोली गरम झाली की तो आपल्या रेडिएटरचं पाणी तोडतो. बॉयलर बंद करायचा अधिकार त्याला नसतो. म्हणून जिथे भिंतीवरचा मुख्य थर्मोस्टॅट आहे, तिथल्या रेडिएटरचं बटण पूर्ण उघडं ठेवायचं. ते २ वर ठेवलं आणि भिंतीवर २१ लावलं, तर ती जागा २१ ला कधीच पोचणार नाही आणि बॉयलर दिवसभर चालत राहील. भाड्याच्या घरात बिल अचानक वाढायचं हे एक गुपित कारण असतं. रिकाम्या खोल्यांची बटणं मात्र बेलाशक कमी करा.

किती वर ठेवायचा? आणि दिवसभर चालू की बंद?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड हवामानाच्या देशांसाठी घरातलं तापमान निदान १८ अंश असावं असं सुचवलं. ब्रिटनमध्ये साधारण १८ ते २१ या दरम्यान ठेवायचा सल्ला दिला जातो.

एका अंशाने किती फरक पडतो, हे आपणच काढू. घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते. बाहेर ५ आणि आत २१ म्हणजे फरक १६. आत २० केलं तर फरक १५. म्हणजे बाहेर जाणारी उष्णता सोळाव्या हिश्श्याने, साधारण ६ टक्क्यांनी कमी झाली.

"दिवसभर कमी आचेवर चालू ठेवलं तर स्वस्त पडतं" हा समजही याच हिशोबात अडकतो. घर म्हणजे गळकी बादली समजा. बादली जितकी भरलेली, तितकी गळती जोरात. दिवसभर कुणी नसताना ती भरून ठेवली तर दिवसभर गळणार. संध्याकाळी एकदा भरायला पाणी जास्त लागतं, पण दिवसभराच्या गळतीपेक्षा ते कमीच असतं. म्हणून गॅस बॉयलरच्या घरात यायच्या अर्धा-पाऊण तास आधी हीटिंग लागेल असं वेळापत्रक लावणं फायद्याचं. हीट पंप असलेल्या घरांचं गणित वेगळं आहे, तिथे मंद आणि सलग चालवणं बरं पडतं.

पण बचतीच्या नादात १५ वर राहायचं का? तर नाही. थंड भिंतींवर श्वासातली, स्वयंपाकातली आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांतली वाफ जमते आणि काळी बुरशी धरते. ती दमा असलेल्यांना आणि लहान मुलांना त्रास देते. नातवंडाच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच थंडीत तिकडे गेलेल्या आई-बाबांसाठी १८ च्या खाली जायचंच नाही. आणि बाळाच्या खोलीत उलट टोकही गाठायचं नाही. बाळांच्या सुरक्षित झोपेसाठी काम करणारी तिकडची लुलाबाय ट्रस्ट ही संस्था झोपायची खोली १६ ते २० अंश ठेवायला सांगते. बाळाला थंडी वाजेल म्हणून २५-२६ वर नेणं त्याच्यासाठी धोक्याचं असतं.

गावाला जाताना हिवाळ्यात हीटिंग मुळापासून बंद करायचं नाही, एवढंही लक्षात ठेवा. बऱ्याच थर्मोस्टॅटवर ५ अंशांच्या आसपास एक बर्फाचं चित्र असतं. तो आकडा पाइपातलं पाणी गोठू नये म्हणून आहे.

बिघाड कुठे आहे हे कसं ओळखायचं?

दोन पाणी आणि दोन रस्ते हे एकदा कळलं की अर्धा बिघाड घरबसल्या ओळखता येतो.

नळाला गरम पाणी येतंय पण रेडिएटर थंड आहेत, तर बॉयलर जिवंत आहे. आधी थर्मोस्टॅट खोलीच्या तापमानाच्या वर लावलाय का, त्याची बॅटरी संपली नाही ना आणि वेळापत्रक बरोबर आहे का, ते बघा.

रेडिएटर गरम आहेत पण कॉम्बीच्या नळाला थंड पाणी येतंय, तर थर्मोस्टॅटशी खेळण्यात अर्थ नाही. बॉयलरवरचा नळाचा आकडा बघा. तो ठीक असेल तर संशय आतल्या झडपेवर जातो.

उन्हाळ्यात हीटिंग बंद आहे, तरी शॉवर घेताना रेडिएटर कोमट होतात, तर तीच झडप मध्येच अडकलेली असू शकते.

दोन्ही थंड असतील तर बॉयलरवरचा दाबाचा काटा बघा. थंड असताना तो साधारण १ ते १.५ बारवर असायला हवा.

यापुढे मात्र आपण जायचं नाही. बॉयलरचं झाकण उघडायचा अधिकार तिकडे फक्त गॅस सेफ रजिस्टरवर नोंद असलेल्या माणसाला आहे. भाड्याच्या घरात असाल तर बॉयलर नीट चालू ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी असते. त्यामुळे फोन त्याला करायचा आणि नळ थंड की रेडिएटर थंड हे नेमकं सांगायचं. तेवढ्याने दुरुस्तीवाला तयारीने येतो.

थोडक्यात सांगायचं तर भिंतीवरची डबी घर किती गरम झाल्यावर थांबायचं ते ठरवते. नळाचं पाणी तिच्या हातात नाही आणि घर तापायचा वेगही तिच्या हातात नाही. त्यामुळे घरात सगळ्यांनी मिळून एक आकडा ठरवा, १९ म्हणा, २० म्हणा. वेळापत्रक लावा आणि डबीला हात लावणं सोडा. त्यानंतर कॉम्बी बॉयलरसमोर उभं राहून रेडिएटरच्या चित्राशेजारचा आकडा बघा. तो ७५-८० असेल, तर भांडायची खरी जागा ती होती.